सात नंबरचा ड्रम

भांडेवाडीच्या भिंतीला लागून,
जिथे कचऱ्याचा डोंगर पायथ्याशी पाझरतो,
तिथे आम्ही निळे ड्रम अर्धे कापून ओळीने मांडले.
खाली गिट्टी, वर रेती, रेतीत वाळा.
वाळा म्हणजे कूलरच्या ताटीतला, तोच.
त्याच्या वासावर अख्खं नागपूर दुपार झोपून काढतं.
इथे मात्र तो जिवंत,
पाय काळ्या पाण्यात सोडून उभा.

रजिस्टरमध्ये त्या पाण्याला लीचेट म्हणतात.
पंचफुलाबाई नंदेश्वर म्हणते, ढिगाचा घाम.
संत्र्याच्या साली, तर्रीचं तेल,
लग्नांच्या पत्रावळी, घड्याळातले सेल,
कुणाची तरी उरलेली औषधं,
सगळं एकमेकांत कुजून, उन्हात शिजून
शेवटी हे.

एकोणीस वर्षं तिने या डोंगरावर प्लास्टिक वेचलं.
कोहाड मॅडमनी विचारलं, इथे काही जगतं का हो?
तिने आकड्याने दाखवलं, नालीच्या काठी
लव्हाळ्याचं एक बेट.
"इथं समदं मरते. हे तेवढं मरत नाही."
मॅडमनी पानांकडे पाहिलंही नाही.
मूळ उपटलं,
मुळाला चिकटलेली चिमूटभर माती
परीक्षानळीत घेतली, लेकराचं जावळ घ्यावं तशी.

तिसऱ्या दिवशी काचेच्या बशीवर
मोहरीएवढे पिवळट ठिपके.
त्यांना नाव नाही. भां-अकरा, एवढंच.

ते ड्रमात सोडताना मी समजावू लागलो:
मूळ साखर पाझरतं, हे जीव ती खातात,
मुळाभोवती घर करतात, आणि मग पाण्यातलं विष...
तिने फ्लास्क नाकाशी नेला.
"विरजणच हाय ना हे?"
तसं नाही, म्हणालो.
आणखी थोडं समजावलं.
"मंग विरजणच."

सातमध्ये विरजण टाकायचं नव्हतं.
वाळा तोच, पाणी तेच, बाकी काही नाही.
तुलनेला एक ड्रम तसाच ठेवावा लागतो,
नाहीतर कळणार कसं, कुणामुळे काय झालं ते.
ती काही बोलली नाही.

मे महिना. पत्र्याला हात लागत नव्हता.
तीन नंबरचं पाणी डांबराचं काढ्यासारखं झालं,
काढ्याचं कोऱ्या चहासारखं.
पाच गळका निघाला.
सातचा वाळा टोकाकडून पिवळा पडत गेला,
आणि मी समाधानाने तसं लिहीत गेलो.

चोविसाव्या दिवशी सातचा अमोनिया उतरला.
मी ब्युरेट धुतलं. रसायन नवं केलं.
पुरवठादारावर संशय घेतला, मग स्वतःच्या डोळ्यांवर.
सत्ताविसाव्या दिवशी सकाळी सहालाच पोचलो.

ती तीनमधून मगाने पाणी घेऊन
सातच्या मुळाशी ओतत होती.
दचकली नाही.
"पंगतीत बसवाचं अन् एकालेच वाढाचं नाही,
असं कुठं असते का, भाऊ?"

मॅडम चिडल्या. चिडणं रास्तच होतं.
सत्तावीस दिवस पाण्यात. आणि तेही या पाण्यात.
रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात
यासाठी एकच शब्द चालतो.
ड्रम सात: दूषित.
लिहून झाल्यावर मी त्यात वाकून पाहिलं.
तळाची गिट्टी दिसत होती.

नियमाने तो रिकामा करायला हवा होता.
चौकीदाराच्या खोलीमागे सरकवला.
त्याचा वाळा आता कमरेएवढा आहे.
कुठल्याच तक्त्यात तो नाही.

पुन्हा एकपासून सुरुवात केली आहे.
नव्या सातवर जाळी आहे, जाळीला कुलूप.
त्याच्यापुढून जाताना पंचफुलाबाई
पदर नाकाला लावते.
वासामुळे नाही.
वास तिला एकोणीस वर्षांत कधीच येईनासा झाला.